तुटक रेषेतली करंगळी

तो माझ्या आयुष्यात आला तो चाकांवरून. थट्टा नाही करत. मामाच्या ऑफिसबाहेर एक लांबलचक व्हरांडा होता, गुळगुळीत फरशीचा. मी शाईची नवी बाटली घेऊन जिना चढून वर आले, आणि समोरून एक उंच, किडकिडीत माणूस — एका पायात साधा बूट, दुसऱ्या पायात चार चाकांचा स्केट — दोन्ही हात पसरून थेट माझ्या अंगावर…

"बाजूला व्हा! अहो, बाजूला—!"

मी बाजूला झाले. पण तोही नेमका त्याच बाजूला वळला. बाटली फुटली. शाई माझ्या बाहीवर, त्याच्या शर्टावर, फरशीवर, भिंतीवर. कुठे म्हणून नव्हती असं नाही.

"लागलं का तुम्हाला?" त्याने खाली बसूनच विचारलं.

"नाही. पण हे काय घेऊन फिरता पायात?"

"शोध आहे," तो म्हणाला. "स्केटला लावायचा ब्रेक."

मी त्याच्याकडे बघतच राहिले. "ब्रेक? मग थांबला का नाहीत?"

तो असा काही ओशाळला की काय सांगू! काखेतली कापडी पिशवी पुढे करत हळूच म्हणाला, "ब्रेक दुसऱ्या स्केटला आहे. तो… पिशवीत आहे."

मला हसू आवरेना. बाही खराब झाली, बाटली गेली, वर मामाची बोलणी बसणार होती, आणि मी आपली भिंतीला टेकून पोट धरून हसत होते. तोही हसायला लागला. हसताना त्याचे डोळे पार मिटून जायचे.

माझा मामा पेटंटचा वकील. कुणी काही नवं यंत्र बनवलं की ते घेऊन लोक मामाकडे यायचे. कुणाची स्वतःहून मिटणारी छत्री, कुणाचं दूध उतू जाऊ न देणारं झाकणीचं पातेलं, कुणाचा तापमान लिहून ठेवणारा काटा. मामा त्याचं वर्णन लिहायचा आणि मी चित्रं काढायची. आकृती एक, आकृती दोन. प्रत्येक भागाला बाणाची रेघ, रेघेच्या टोकाला आकडा. बाबा गेल्यावर मामाने मला हाताशी घेतलं होतं, आणि हे काम मला मनापासून आवडायचं.

"आधी पुसा, मग बसा," मामाने त्याला सांगितलं. "आणि बोला."

तो बोलला. तो एका मोठ्या प्रयोगशाळेत मोजमापाची यंत्रं दुरुस्त करायचा. तराजू, तापमापक, दाब दाखवणाऱ्या तबकड्या. अकरा वर्षं. धाकटी बहीण उतारावरून स्केट्सवर सुसाट गेली, थांबता आलं नाही, आणि पुढचे दोन दात गमावून घरी आली. त्या दिवसापासून तो ब्रेकच्या मागे लागला होता.

"हे बघा," तो म्हणाला, आणि पिशवीतला स्केट टेबलावर ठेवला. टाचेमागून एक पट्टी वर गेली होती, पोटरीला टेकेल अशी. "घसरायला लागलं, भीती वाटली, की माणूस आपोआप मागे झुकतो. पोटरीने पट्टी दाबली जाते, पट्टी खालचं रबर जमिनीवर दाबते. शिकवावं लागत नाही. हा ब्रेक भीतीवरच चालतो."

मामाने स्केट उलटासुलटा करून पाहिला. "छान आहे. पण नुसतं छान असून भागत नाही, नवं लागतं. आधी कुणी केलेलं असेल तर सगळं मुसळ केरात. ही माझी भाची जुने खंड चाळून बघेल. तीन आठवडे लागतील."

"जुने खंड?"

"आजवर दिलेली सगळी पेटंटं. नोंदणी कार्यालयाच्या वाचनालयात आहेत, भिंतीएवढी. लोकांना वाटतं, शोध कारखान्यात लागतात. माझ्याकडे येणाऱ्या दहांतल्या आठांचा आधीच लागलेला असतो."

तो गंभीर झाला. म्हणाला, "माझ्यासाठी हा शेवटचा डाव आहे, साहेब. अकरा वर्षं दुसऱ्यांचे काटे सरळ करतोय. खेळाचं सामान बनवणारा एक कारखाना म्हणतोय, अर्ज दाखल झाला की कारखान्यात प्रमुख कारागीर म्हणून या. ब्रेक तुमच्या नावाने बनवू. माझ्या नावाने… असं कुणी कधी म्हणालं नव्हतं मला."

तेव्हाच मी मनात म्हटलं, देवा, ह्याचा ब्रेक नवा निघू दे.

मग तो येतच राहिला. आकृत्यांसाठी मापं लागतात ना! मी खरं तर एकदाच घेऊ शकले असते सगळी मापं. पण मंगळवारी चाकाचा व्यास घेतला, गुरुवारी पट्टीची लांबी, आणि शनिवारी परत चाकाचा व्यास.

"हा घेतला होतात की मंगळवारी," तो म्हणाला.

"खात्री केलेली बरी."

"बरोबर आहे. मीही वजन तीनदा करतो." आणि हसताना डोळे मिटले.

तो माझ्या टेबलाशेजारच्या स्टुलावर बसायचा आणि नुसता बघत राहायचा. एकदा म्हणाला, "हा पाय असा तुकड्यातुकड्यांनी का काढलात? शाई संपली का?"

"पाय तुमच्या शोधाचा भाग नाही," मी सांगितलं. "स्केट कसा घालायचा ते कळावं म्हणून दाखवायचा. जे आपलं नाही, ज्यावर हक्क सांगायचा नाही, ते तुटक रेषेत काढतात."

"आणि मी कुठल्या रेषेत?"

"तुम्ही आकृतीत नाहीच."

"अरेरे!" तो म्हणाला. "काढा की कुठेतरी कोपऱ्यात. तुटक चालेल."

माझी रेघ हलली. ती आकृती मला परत काढावी लागली.

दुसऱ्या एका दिवशी त्याचं लक्ष माझ्या करंगळीकडे गेलं. लहानपणी दारात चेमटून माझ्या उजव्या हाताची करंगळी बाहेरच्या बाजूला वाकलीय ती कायमची. काहीही धरलं तरी ती आपली फटकून, वर उभी. लग्नासाठी बघायला आलेल्या लोकांसमोर आई मला तो हात पदराखाली घ्यायला लावायची.

"म्हणून तुमची शाई फिसकटत नाही!" तो म्हणाला. "ओल्या रेघेला करंगळी लागतच नाही. काय सोय आहे! हिचं पेटंट घ्या, आकृतीबाई. जगात एकच नग असणार."

त्या करंगळीबद्दल इतकं चांगलं कुणी कधी बोललं नव्हतं. मी मान खाली घालून काम करत राहिले, पण कान तापले होते.

नवव्या दिवशी मला ते सापडलं.

वाचनालयात दुपारची शांतता होती. मी एकतीस वर्षांपूर्वीचा खंड चाळत होते, घोड्याच्या नालांनंतर बुटांची पानं, बुटांनंतर… आणि हात थांबला. टाचेमागची पट्टी. पोटरीला टेकणारी. खाली रबर. कुणा चर्मकाराने काढलेलं पेटंट, केव्हाच मुदत संपलेलं, सगळ्यांनी विसरलेलं. पण होतं. हुबेहूब होतं. चित्रातला तुटक रेषेतला पायसुद्धा मी काढलेल्यासारखाच डावीकडे वळलेला.

माझ्या कामाचा नियम सोपा आहे. सापडलं की चिठ्ठी लिहायची — खंड, पान, तारीख — आणि त्याच दिवशी कळवायचं. मी चिठ्ठी काढली. पेन उघडलं. मग वाटलं, आज सांगितलं की उद्या तो कशाला येईल? मापं संपली, आकृत्या संपल्या, स्टूल रिकामं. शुक्रवारी सांगू. शुक्रवारी येईल तेव्हा समोर बसवून नीट सांगू.

मी खंड मिटून जागेवर ठेवला. चिठ्ठी कोरीच राहिली.

शुक्रवारी तो भाजलेल्या शेंगदाण्यांची पुडी घेऊन आला आणि म्हणाला, "रविवारी प्रयोगशाळा बंद असते. तिथला खालचा व्हरांडा मोकळा असतो. तुम्ही नुसत्या काढताच, एकदा घालून तर बघा!"

मी काय सांगणार होते? मी "येते" म्हणाले.

त्या रविवारी बाहेर बारीक पाऊस पडत होता, खिडक्यांच्या काचा धुरकट झाल्या होत्या. रांगेने बंद दारं, आत काचेच्या कपाटांत झाकून ठेवलेले तराजू. त्याने खाली बसून माझ्या पायांत स्केट्स चढवले, पट्टे आवळले, आणि दोन्ही हात धरून मला उभं केलं. त्याच्या बोटांना तेलाचा वास होता.

"आता मी सोडतो. भीती वाटली की मागे झुका. आपोआप थांबाल."

"आणि नाही वाटली तर?"

"वाटते. सगळ्यांना वाटते."

त्याने सोडलं. मी निघाले. फरशी पायाखालून पळत होती, चाकांचा घर्र आवाज रिकाम्या व्हरांड्यात घुमत होता, आणि खरं सांगते, मला अजिबात भीती वाटली नाही. मी मागे झुकलेच नाही. तो धावत पुढे गेला, शेवटच्या भिंतीसमोर हात पसरून उभा राहिला, आणि मी सरळ त्याच्यात जाऊन थांबले.

"अगं, घाबरायचं होतंस ना!" तो धापा टाकत म्हणाला. मग जीभ चावली. "म्हणजे… घाबरायचं होतंत."

"राहू दे," मी म्हणाले. "तूच बरं वाटतं."

बराच वेळ आम्ही तसेच उभे होतो. त्याचं काळीज धडधडत होतं ते मला ऐकू येत होतं. तेव्हा सांगायला हवं होतं. माझ्या तोंडापर्यंत आलंही होतं. पण इतकं सुख माझ्या वाट्याला कधी आलं नव्हतं, आणि ते माझ्याच हाताने मोडायचं धाडस मला झालं नाही. झालं ते असं झालं.

पुढचे चार आठवडे मी खोटं बोलले. मामा विचारायचा, "काय गं, शोध?" मी म्हणायची, "चालू आहे." मी आकृती सहा काढली, मागून दिसणारा स्केट. आकृती सात, सुटे भाग. आठवी, रबराची जवळून. मामा चष्म्यावरून बघत म्हणाला, "स्केटच आहे ना हा? की आगगाडीचं इंजिन काढतेयस?"

आणि तो विचारायचा, "अजून किती खंड राहिले?"

"झालंच," मी म्हणायची. "दोन-तीन राहिलेत."

रोज वाटायचं, उद्या नक्की. रोज सकाळी आरशासमोर पहिलं वाक्य घोकायची. तो हसला की वाक्य गिळून टाकायची.

मग एक दिवस तो जिना दोन-दोन पायऱ्या चढत वर आला. मामा कोर्टात गेला होता. पावसाने त्याचे केस कपाळाला चिकटले होते आणि चेहरा नुसता फुलला होता.

"राजीनामा देऊन आलो," तो म्हणाला. "कारखान्याला एक तारखेपासून माणूस हवा होता. तू म्हणालीस ना, झालंच म्हणून. माझ्या जागेसाठी कधीचा थांबलेला माणूस लगेच घेतलासुद्धा प्रयोगशाळेने. आणि ऐक, अजून एक विचारायचं आहे. आज मामांना विचारणारच होतो, पण आधी तुला…"

"थांब," मी म्हणाले. "विचारू नकोस."

तो थांबला.

"ब्रेक नवा नाही." मी सांगून टाकलं. "एकतीस वर्षांपूर्वी कुणीतरी केलाय. अगदी असाच."

तो स्टुलावर बसला. टेबलावरच्या स्केटची पट्टी बोटाने एकदा दाबून पाहिली. मग म्हणाला, "असू दे. नशीब. आज सापडला?"

हो म्हणाले असते तर? आजही कधी कधी वाटतं, एक शब्द होता तो. पण त्याच्या डोळ्यांत बघून मला आणखी एक खोटं बोलवेना.

"सव्वा महिना झाला."

पावसाचा आवाज येत होता. खाली कुणीतरी दुकानाची फळी ओढली.

"म्हणजे त्या रविवारी…"

"ठाऊक होतं मला."

"का?"

"सांगितलं असतं तर तू परत आला नसतास." मी रडायला लागले होते. "मला तू हवा होतास. माझं प्रेम आहे तुझ्यावर. मला दुसरं काही सुचलंच नाही रे."

त्याने माझ्याकडे पाहिलं. तो चिडला असता, ओरडला असता तर मला बरं वाटलं असतं.

"मी आलो असतो," तो म्हणाला. "ब्रेक नसता तरी आलो असतो. मला वाटलं, तुम्हाला कळलंय ते."

तुम्हाला, म्हणाला. मला तिथेच सगळं कळलं.

तो उठला. टेबलावरचा स्केट पिशवीत घातला. दाराशी जाऊन थांबला आणि पाठमोराच बोलला. "आमच्याकडे काटा चुकीचा असला तरी चालतो. रोज दोन घरं पुढे दाखवत असेल तर दोन वजा करायचे, झालं. पण कधी खरं दाखवतो, कधी खोटं, आणि कधी कुठलं ते कळत नाही… असा काटा नाही वापरता येत. कितीही आवडता असला तरी."

पायऱ्या उतरण्याचा आवाज मी शेवटपर्यंत ऐकला. या वेळी एकेक पायरी होती.

मामाला मी संध्याकाळी सगळं सांगितलं. तो भयंकर संतापला. "अगं, माणूस आपल्याकडे विश्वासाने येतो! आपल्याकडे विकायला दुसरं आहे काय?" मग मला बघून त्याचा राग उतरला. त्याने खुर्ची ओढली, माझ्याजवळ बसला, डोक्यावर हात ठेवला. "वेडी पोर," एवढंच म्हणाला. दुसऱ्या दिवशी तो स्वतः प्रयोगशाळेत जाऊन आला. जागा भरली होती. कारखान्याने तर नकार द्यायला अर्धा दिवसही घेतला नाही.

आठ दिवसांनी धीर करून मी त्याच्या घरी गेले. दार त्याच्या बहिणीने उघडलं. पुढचे दोन दात बाकीच्यांपेक्षा जरा जास्तच पांढरे.

"दादा नाही. काल गेला. लांब काम मिळालंय, एका शाळेच्या प्रयोगशाळेत," ती म्हणाली. मग तिची नजर दाराच्या चौकटीवर टेकलेल्या माझ्या हाताकडे गेली. "अय्या, तुम्ही आकृतीबाई ना? दादा सांगायचा, तुमचा हात बघत राहावा असा आहे."

तिला काही ठाऊक नव्हतं. तिने पाणी दिलं, मी प्यायले, आणि कशीबशी रस्त्यावर आले. कोपरा वळल्यावर एका बंद दुकानाच्या पायरीवर बसून मी इतकी रडले की येणारेजाणारे वळून बघायला लागले. बघेनात का.

ह्याला नऊ वर्षं झाली. मला बघायला लोक येत राहिले, पुढेपुढे येईनासे झाले. मामाला आता बारीक अक्षर दिसत नाही, त्यामुळे टपाल मीच फोडते आणि वाचून दाखवते.

गेल्या महिन्यात एक जाड लिफाफा आला. पाठवणाऱ्याचं अक्षर बघितलं आणि लगेच ओळखलं. आत अर्ज होता. थेंबाचाही शंभरावा भाग मोजून सोडणारी काचेची नळी, वर अंगठ्याने फिरवायचं चाक. शाळांच्या प्रयोगशाळांना परवडेल अशी. पत्र मामाच्या नावाने, चारच ओळींचं. 'आधी कुणी केले आहे का याचा शोध घ्यावा. जे निघेल ते, ज्या दिवशी निघेल त्याच दिवशी कळवावे, ही विनंती.'

"बरोबर आहे त्याचं," मामा म्हणाला. "आकृत्या कशा आहेत?"

आकृत्या त्याने स्वतःच काढल्या होत्या, जरा वाकड्या. पहिली, दुसरी. तिसरीत नळी कशी धरायची ते दाखवलं होतं. एक हात. अंगठा चाकावर, तीन बोटं नळीभोवती, आणि करंगळी… करंगळी फटकून, वर उभी. बाहेरच्या बाजूला वाकलेली.

तुटक रेषेत.

खाली नियमाप्रमाणे वाक्य होतं, असल्या अर्जांत मी हजारदा वाचलेलं. 'तुटक रेषांनी दाखवलेला हात फक्त समजण्यासाठी आहे. त्यावर कोणताही हक्क मागितलेला नाही.'

"काय झालं?" मामा म्हणाला. "वाचत का नाहीस?"

"वाचते," मी म्हणाले. पण मला वाचता येत नव्हतं. मामाने पुढे काही विचारलं नाही. उठून खिडकीपाशी जाऊन उभा राहिला, आणि माझं होईपर्यंत बाहेर बघत राहिला.

मग मी ती आकृती सुबक करून काढली. स्वतःचाच हात, त्याच हाताने, एक एक तुकडा जोडत. आणि वाचनालयात बसले. अकरा दिवस. नळ्यांचे, थेंबांचे, मापांचे सगळे खंड. प्रत्येक पान उलटताना वाटायचं, आता निघतंय, आता निघतंय. एकेक खंड दोनदा बघितला.

काल दुपारी सव्वातीनला शेवटचा खंड मिटला. काही नव्हतं. जगात कुणीही, कुठेही, आधी केलेलं नव्हतं. त्याचं होतं ते. त्याच्या एकट्याचं.

वाचनालयाच्या टेबलावरच पत्र लिहिलं. 'आपला शोध नवा आहे. आज दुपारी सव्वातीन वाजता खात्री झाली. आजच कळवत आहे.' खाली सही. आणखी पुष्कळ लिहावंसं वाटलं. माफी मागावीशी वाटली, विचारावंसं वाटलं, तुझं कसं चाललंय, हसताना डोळे मिटतात का अजून. नाही लिहिलं. त्याने जेवढं मागितलं होतं तेवढंच लिहिलं.

कोपऱ्यावरच्या टपालपेटीवर लिहिलेलं होतं, शेवटची वेळ साडेपाच. पाचला दहा मिनिटं कमी होती. पत्र आत टाकलं आणि घरी जायला वळले, पण पाय निघेना. टपालवाला आज आलाच नाही तर? म्हणून तिथेच उभी राहिले. तो आला, त्याने कुलूप काढलं, सगळी पत्रं थैलीत ओतली, थैली सायकलला अडकवली.

"काही राहिलं का तुमचं?" त्याने विचारलं.

"नाही," मी म्हणाले. "आजच जाईल ना?"

"आजच," तो म्हणाला, आणि पेडल मारून निघून गेला.